दारावरचा हिरवा रंग

१४ ऑक्टोबर १९४८, गुरुवार

उलथनं वाकलं! माहेरहून आणलेलं, चांगलं लोखंडी — आणि पहिल्याच फळीवर दुमडलं. रंग निघाला तो सुपारीएवढा.

तरी दिवाळीच्या आत हे दार कोरं करणार. ठरलं म्हणजे ठरलं. रझाकारांच्या भीतीनं गाव सोडलं, सोलापुरात चार महिने परक्यांच्या ओसरीवर काढले. गेल्या आठवड्यात परत आलो तर आमचं सागवानी दार बाहेरून हिरवंगार! चौकटीवरच्या चौकोनात सासऱ्यांनी हौसेनं नंदी कोरून घेतला होता. तिथं आता सपाट हिरवी पाटी, आणि तिच्यावर उर्दूत नाव, मालकांनी वाचून सांगितलं — इमामसाब रंगारी. आमचा शेजारी. वीस वर्षं आमच्या गाड्या यानंच रंगवल्या. घर बळकावलं ते बळकावलं, वर नंदीसुद्धा तासून टाकला.

नवी नवरी होते तेव्हा उंबरा ओलांडायच्या आधी सासूबाईंनी मला त्या नंदीला हात जोडायला लावलं होतं. त्यानंतर एक दिवस चुकला नाही. आता वर बघवत नाही.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

उत्तरेश्वर सुताराला बोलावलं. त्यानं दार ठोकून बघितलं आणि म्हणाला, दिव्याची ज्योत धरू, रंग फुगून आपसूक सुटेल. शेजारी गवताची गंज, शंभर वर्षांचं वाळकं लाकूड, आणि हा ज्योत धरणार! मग म्हणाला रंधा मारू. रंध्यानं रंगाबरोबर लाकूडही जातं. मला दार हवंय, भुसा नको. त्याला चहा पाजून वाटेला लावलं, पण त्याची धारदार पटाशी आणि लाकडी ठोकणी ठेवून घेतली.

दिवसभर एकेक हत्यार लावून बघितलं. कानस रंगानं भरून गुळगुळीत होते. फुटकी काच कडांना छान चालते, पण बोट कापलं. सगळ्यांत शहाणं निघालं ते खुरपं — झिजलेलं, शेतात टाकून दिलेलं. ते ढकलायचं नाही, आपल्याकडं ओढायचं. मालक बघत उभे होते. म्हणाले, ‘‘तुला सुतारच करायला पायजे होतं.’’ चेष्टेनं म्हणाले, पण खरंच आहे!

१७ ऑक्टोबर, रविवार

आज जिंकले. चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र कालवून लेप दिला, वरून ओलं गोणपाट. दुपारी खुरपं ओढलं तर रंग सायीसारखा गोळा होऊन आला. खाली लाकूड काळं पडलेलं दिसलं आणि मालकांचा चेहरा त्याहून काळा — बिघडवलंस दार! मी चिंचेचं पाणी फिरवलं. संध्याकाळपर्यंत सागाचा रंग परत. मुलींच्या शाळेत चारच यत्ता शिकले, पण स्वयंपाकघरात त्याहून जास्त शिकलेय.

जेवताना मालक म्हणाले, ‘‘सारी गल्ली लुटली. आपलंच घर कसं राहिलं गं? धान्याच्या कणगीला सुदीक हात न्हाय लागला.’’

मी म्हटलं, कसा लागेल? स्वतःचंच समजून बसला होता ना तो! मालक हात धुवायला उठले.

१८ ऑक्टोबर, सोमवार

नळदुर्गहून फौजदारांचा निरोप. पुढच्या सोमवारी माझी जबानी. इमामसाब तिथंच कोठडीत आहे. आमची गाडी वेशीत आली त्याच दिवशी गावानं त्याला धरून दिलं. माझ्या शब्दावरच सगळं आहे म्हणे. यानंच घर बळकावलं असं मी म्हणेन तर शिक्षा, नाही तर सुटका. मी काय म्हणणार ते पक्कं आहे.

त्या दिवशी तो आमच्याकडंच येत होता, पाय धरायला असेल. वाटेतच दोघांनी दंडाला धरलं. मला बघून ओरडला, ‘‘आक्का, वर लोखंड लावू नका!’’ एवढंच ऐकू आलं. माझ्या दाराला मी काय लावायचं ते हा सांगणार! आठवलं की अजून डोकं फिरतं.

२० ऑक्टोबर, बुधवार

बिबनबी आली होती, इमामसाबची बायको. दहा-बारा दिवसांत निम्मी झालीय. कोठडीत त्याला भेटून आली होती. हातात बांबूची पट्टी, वीतभर, टोकाला पातळ तासलेली. ‘‘वरच्यासाठी हेच वापरा म्हणालेत, आक्का,’’ म्हणाली. आणखी काही सांगायला तोंड उघडलं, तोवर मी दार लावून घेतलं. एक अक्षर ऐकून घेतलं नाही. पट्टी उंबऱ्यावर ठेवून गेली.

बांबूनं तेलरंग निघतो होय! चूल पेटवायला बरी पडली.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

बोटं चुन्यानं सोलली. पण दोन्ही फळ्या कोऱ्या!

२३ ऑक्टोबर, शनिवार



फक्त वरची पाटी राहिली होती. मुद्दामच शेवटी ठेवली, तासलेल्या जागेकडं बघायची हिंमत नव्हती. सकाळी तिपाईवर चढले. म्हटलं, नंदी गेलेलाच आहे, आता इथं काय जपायचं? एवढी सगळी हत्यारं हाताशी, आणि मी उचलली पटाशी. त्याच्या नावावर धरली आणि ठोकणीचा एकच घाव घातला. राग होता, खोटं कशाला लिहू.

हिरवा टवका उडाला. आत लाकूड नव्हतं. पिवळी चिकणमाती होती.

खाली उतरून टवका उचलला. मातीत सागाचा एक तुकडा रुतला होता, करंगळीच्या पेराएवढा. ताजा तुटलेला.

मग पटाशी टाकली. पाणी घेतलं, नखानं माती उकरली. मातीखाली जुन्या धोतराचं फडकं. फडक्याखाली कपाळ. डोळा. गळ्यातली घुंगरमाळ, एकेक घुंगरू शाबूत. त्यानं नंदी तासला नव्हता. फडक्यात गुंडाळून, वर माती लिंपून, चौकोन सपाट करून रंगवला होता — कुणाला दिसू नये म्हणून. वर स्वतःचं नाव, म्हणजे हे घर त्याचं समजून लुटारू पुढं जावेत.

सगळा नंदी धड आहे. उजवं शिंग तेवढं नाही. ते मी तोडलं.

मालक खाली उभे होते. मला रडू आवरेना, तिपाईवरच बसून रडले.

२४ ऑक्टोबर, रविवार

बिबनबीच्या दारात गेले. दार उघडंच होतं. मला बघूनही तिनं लावलं नाही. तिच्या जागी मी असते तर लावलं असतं.

माफी मागायचं ठरवून गेले होते, आणि तोंडातून निघालं, ‘‘तसली दुसरी पट्टी हाय का?’’

तिनं आतून बांबू आणला. विळीवर बसून माझ्यासमोर तासायला लागली. तासता तासता म्हणाली, त्यांनी एका दिवसात केलं सगळं. दुसऱ्या दिवशी गल्ली लुटली. रझाकारांनी विचारलं तर यांनी सांगितलं, माझं घर. गावातल्या कुणाला खरं सांगायची सोय नव्हती. कुठून तरी बातमी फुटली असती तर दोन्ही घरं गेली असती.

‘‘आणि नंतर?’’ मी विचारलं.

‘‘नंतर गावानं कुठं ऐकलं असतं? तुम्हालाच सांगायला येत होते ना,’’ ती म्हणाली.

दुपारभर दोघींनी मिळून माती काढली. बांबूनं लाकडाला ओरखडासुद्धा येत नाही. हत्यारांतलं मला सगळं कळतं असं वाटत होतं. शिंगाचा तुकडा पदराच्या गाठीत बांधून ठेवलाय.

२५ ऑक्टोबर, सोमवार

नळदुर्ग. फौजदारांनी जबानी आधीच लिहून ठेवली होती — इमामसाबनं घर बळकावलं, नंदी तोडला — सहीची जागा सोडून. मी सही केली नाही. पदराची गाठ सोडली आणि शिंगाचा तुकडा त्यांच्या टेबलावर ठेवला.

‘‘नंदी कुणी तोडला?’’ त्यांनी विचारलं.

‘‘मी,’’ म्हटलं. ‘‘त्यानं राखला होता.’’