डाउटी शब्दाचा उगम आणि अप्पाच्या हॉटेलातला चहा

४ जानेवारी १९८२, ताडकळस
हेडमास्तर रिटायर झाले, जाताना मला इंग्रजीत प्रशस्तिपत्र दिलं. 'अ डाउटी टीचर.' डाउटी म्हणजे शूर, शब्द जुन्या वळणाचा. शाळेच्या डिक्शनरीत एवढंच आहे. स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. गणिताच्या दिनकररावांनी विचारलं, यानं इन्क्रिमेंट मिळतं का. गाढवापुढे वाचली गीता.

५ जानेवारी
शब्द आला कुठून? माझ्या मते मूळ संस्कृत, 'धृती'. इंग्रजांनी आपलंच उचललं. बायकोला, सुमनला, समजावून सांगितलं. म्हणाली, "असंल. दळण संपत आलंय." या बाईपुढे भाषाशास्त्र काढणं हीच माझी चूक.

८ जानेवारी
सायन्सला नवे नागनाथ सर आलेत. बौद्ध आहेत. नामांतराच्या सत्याग्रहात पंधरा दिवस तुरुंगात होते म्हणे. माणूस बरा, इंग्रजी यथातथाच. मन्मथअप्पाच्या हॉटेलात त्यांना चहा बाहेर, उभ्यानं. कप कान तुटलेला, कोनाड्यात वेगळा ठेवलेला. पिऊन आपणच विसळून ठेवायचा. १९८२ साल आहे. हे गाव सुधारायचं नाही. मी म्हणालो, उद्या माझ्यासोबत आत बसा, बघू कोण बोलतं. ते म्हणाले, "तुमी सोबत असाल तर लय बरं होईल, सर." डाउटी माणूस ओळखायला नजर लागते.

९ जानेवारी
अॅसिडिटी. चहा वर्ज्य. नागनाथ सरांना तसं कळवलं.

११ जानेवारी
बाजाराचा दिवस. हॉटेलात ही गर्दी. ऐतिहासिक पाऊल उचलायला निवांतपणा लागतो.

१३ जानेवारी
उद्या संक्रांत. सणासुदीला वाद नको. शिवाय शब्दाचा उगम पक्का होईपर्यंत उतावीळपणा बरा नाही. नागनाथ सर परभणीहून मोठा कोश आणणार आहेत. खुशाल आणावा. त्यात 'धृती'च निघेल.

१८ जानेवारी, संध्याकाळ
हॉटेलात पेपर वाचत होतो. नागनाथ सर एकटेच आत आले, थेट माझ्या बाकाशी. म्हणाले, "बसू का, सर?" अप्पा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणालो, बसा की, मी निघालोच होतो. अर्धा चहा तसाच सोडून उठलो. अख्खा बाक त्यांना मोकळा करून दिला. याहून माणसानं काय करायचं? मागं वळून पाहिलं नाही. वळून बघतात ते भित्रे.

१९ जानेवारी
कळलं की अप्पानं त्यांना चहा दिलाच नाही. तरी तासभर रिकाम्या टेबलाशी बसून राहिले. हट्टी माणूस. व्यवहार शून्य.

२१ जानेवारी
नागनाथ सर कोश घेऊन घरी आले. मी आतल्या खोलीत. सुमनला खुणेनं सांगितलं, घरात नाहीत म्हण. ती त्यांना म्हणाली, "हायेत आत. बाहेर येत न्हाईत." नवऱ्याची अब्रू कशी राखावी हेही हिला शिकवावं लागणार.

फटीतून पाहिलं. तिनं त्यांना ओसरीवर नव्हे, मधल्या घरात बसवलं. तिळगूळ दिला. चहा दिला तो माझ्या कपात, निळ्या फुलांच्या. शेजारच्या सरजाबाई दारातूनच म्हणाल्या, आता तुमच्या घरचं पाणी प्यायची पंचाईत. सुमन म्हणाली, "नका पिऊ." आणि नागनाथ सरांना आणखी अर्धा कप ओतला. ना भाषण, ना काही.

ते गेल्यावर कोश उघडला. पानात त्यांनी खुणेची चिठ्ठी घातली होती. डाउटी: जुन्या इंग्रजीतल्या एका क्रियापदापासून. त्याचा अर्थ, कामाला येणे, उपयोगी पडणे. शूर वगैरे नंतरचं. 'धृती'चा पत्ता नाही. तीनदा वाचलं. कोश लिहिणाऱ्यांनाही अक्कल असतेच असं नाही.

सुमननं विचारलं, दळण आणलं का. विसरलो होतो.
"मग तुमी कोणच्या कामाचे?"
तिनं कोश उघडलेला नव्हता. तिला इंग्रजी येत नाही.

२२ जानेवारी
दळण आणलं. चहा मागितला. निळा कप फळीवर धुऊन ठेवलेला होता. सुमन म्हणाली, तो आता पाव्हण्यांचा. मला घरातलाच एक कान तुटलेला मिळाला. प्यालो. आपणच विसळून ठेवला.