तिच्या वतीने

बेलवली, बदलापूर (प.)
२० जानेवारी २०२५

ती. सौ. आईंच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

सईला मराठी लिहायची सवय लागावी म्हणून आपण हा पत्रांचा उद्योग सुरू केला, पण आता तिच्यापेक्षा मलाच पोस्टमनची वाट बघायची सवय लागलीय. उन्मेष हसतो. आई एक स्टेशन पलीकडे अंबरनाथला राहते आणि तुझं पत्र आधी ठाणं फिरून येतं, चालत निघालीस तरी लवकर पोचशील, म्हणतो.

काल उल्हासनगरला मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांचा मेळावा झाला. मला बोलायला बोलावलं होतं. तुमची सून माइकसमोर उभी राहिली आणि तिचे पाय लटपटले नाहीत, हे बाबांना मुद्दाम सांगा! दुसरीनंतर सईला शाळेतून का काढलं, आम्ही पाठ्यपुस्तकं आणि वेळापत्रक का ठेवत नाही, पोळीचे तुकडे करताना अपूर्णांक आणि भाजी घेताना हिशेब आपोआप कसे येतात, ते सगळं सांगितलं. मग सई बोलली. जांभूळला पाणी शुद्ध करतात ते आम्ही बघून आलो होतो ना, त्यावर. तुरटी कशासाठी, क्लोरीन कधी, सगळं न अडखळता. शेवटी एका आजोबांनी तिला टाकीवरचा छोटासा प्रश्न विचारला. ती जरा लाजली, मी थोडा हात दिला. टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

नंतर बायकांनी गराडाच घातला. मांजर्लीची अक्षदा म्हणून एक जण आहे, माझा हात धरून रडलीच. तिच्या मुलीचं रोज सकाळी शाळेच्या वेळेला पोट दुखतं. मी म्हटलं, घाबरू नकोस, आमच्या सईकडे बघ.

शनिवारी सईला तुमच्याकडे पाठवते. हळदीकुंकवाला तिलाही बरोबर न्या. बाबांना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
श्रद्धा


अंबरनाथ (पू.)
२७ जानेवारी २०२५

चि. सौ. श्रद्धास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझ्या भाषणाचं कौतुक वाटलं. ह्यांनी तर पत्र दोनदा मोठ्याने वाचून घेतलं आणि आपली सून निवडणुकीला उभी राहील असं भाकीत केलं.

शाळेचा विषय तोंडी काढायचा नाही असं त्या गणपतीतल्या भांडणानंतर आपलं ठरलं आहे. पत्राचं काही ठरलं नव्हतं, म्हणून एवढंच विचारते की तुझ्या वेळापत्रकात गणिताचा नंबर कधी लागतो? माझा सगळा जन्म मुलांना गणित शिकवण्यात गेला, तेव्हा हा प्रश्न सासूचा न समजता बाईंचा समज.

शनिवारी सईला आमच्या भजनी मंडळातल्या अंजनीकडे हळदीकुंकवाला नेलं. पोर गप्प गप्प होती. तिळाची वडी हातात घेऊन बसून राहिली, खाल्ली नाही. परत येताना रिक्षातही बोलली नाही. तिला कणकण तर नाही ना? बघ जरा.

उन्मेषला म्हणावं, आईचा फोन उचलला तर ऑफिस बुडत नाही. सगळ्यांनी तब्येतीला जपा आणि आमची आठवण ठेवा.

तुझी,
आई


बदलापूर
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय आजीला सईचा साष्टांग नमस्कार.

आजी, हे पत्र आईने सांगितलं म्हणून लिहीत नाहीये. माझं मी लिहितेय. पोस्टात पण मीच टाकणार आहे.

तू फोनवर विचारलंस मला बरं नाही का. मला बरं आहे. मला राग आलाय आणि लाज पण वाटतेय, दोन्ही मिक्स.

उल्हासनगरच्या हॉलमध्ये त्या आजोबांनी विचारलं की टाकी पाऊण भरलेली आहे, त्यातलं अर्धं पाणी वापरलं तर टाकीचा कितवा भाग पाणी उरलं? मला आलं नाही. मला काहीच सुचेना. मी आईकडे बघितलं तर आई माइकमध्ये म्हणाली, तिला म्हणायचंय की तीन अष्टमांश, जरा बुजलीय इतकंच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजी, मला तसं म्हणायचं नव्हतं. मला काहीच म्हणायचं नव्हतं.

मग तुझ्याबरोबर अंजनीआजींकडे गेले. त्यांनी मला विचारलं कितवीत आहेस बाळा. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, सातवीत, पहिल्या पाचांत असते. वर शाळेचं नाव पण सांगितलंस. आईने मला येतं म्हणून सांगितलं, तू मी शाळेत जाते म्हणून सांगितलंस. दोघींनी जी मुलगी सांगितली ती मी नाहीच. मग मी आहे तशी तुम्हाला चालत नाही का?

मला पोळीचे अपूर्णांक येतात कारण पोळी दिसते. आकड्यांचे येत नाहीत. आईला सांगितलं तर ती म्हणते, घाई नाही, तुझं तुलाच उमगेल. मी खूप थांबले. नाही उमगत. मला कोणीतरी शिकवायला पाहिजे.

शाळेत जायचंय असं मी म्हणत नाहीये. जायचंय की नाही ते मला माहीत नाही. घरी मला आवडतं.

हे पत्र आईला दाखव. मला तोंडाने सांगता येत नाही, ती रडेल आणि मग मलाच तिची समजूत काढावी लागेल.

आजोबांना पापा.

तुझी (रागावलेली, पण तुझीच),
सई


अंबरनाथ
७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. श्रद्धास आशीर्वाद.

सोबत सईचं पत्र आहे. ते तुला द्यावं असं तिचंच म्हणणं आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? आता माझं ऐक. तुझ्याविषयीचा भाग वाचताना, श्रद्धा, मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मनात म्हटलं, बघा, मी सांगत होते तेव्हा कुणी ऐकलं नाही. ह्यांना हाक मारून वाचून दाखवायला निघाले होते. चष्मा नीट केला, पुढची ओळ वाचली, आणि तिथे मीच होते.

मी वर्गात दुसऱ्याचं उत्तर सांगणाऱ्याला बाकावर उभं करत असे. आणि पोरगी तोंड उघडते आहे हे दिसत असताना मी तिचं उत्तर दिलं. कशासाठी, तर अंजनीच्या बैठकीतल्या बायकांनी माझी नात अडाणी राहणार असं म्हणू नये. पहिल्या पाचांत तर कुणी विचारलंही नव्हतं, ते मी पदरचं घातलं. ह्यांना पत्र दाखवलं तर ते गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालत बसले. झाडांना सकाळीच पाणी घातलं होतं.

तुला दोष द्यायला माझ्याकडे जागा उरलेली नाही. सईला रागावू नकोस.

तुझी,
आई


बदलापूर
१४ फेब्रुवारी २०२५

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

रागावू नकोस असं तुम्ही लिहिलंत, पण पहिल्यांदा मला रागच आला. सईचा. मला सोडून तिने तुम्हाला लिहावं याचा. ओट्यापाशी उभी राहून तिचं पत्र वाचलं आणि ती बाहेर चित्र काढत बसली होती तिथे जायची हिंमत होईना. कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले, डाळीचा लगदा झाला.

आई, हॉलमध्ये तिचं तोंड उतरलेलं मला दिसलं होतं. ती लाजली असं मी तुम्हाला लिहिलं ते खरं नव्हतं. तिला येत नाहीये हे मला त्याच क्षणी कळलं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला त्यांचीच भीती वाटली. वर घरी येताना छान बोललीस म्हणून तिला आइस्क्रीम घेऊन दिलं. तिने ते हातात धरून ठेवलं, वितळून कोपरापर्यंत ओघळलं. मी तिलाच म्हटलं, किती वेंधळी आहेस.

याहून वाईट पुढे आहे. सईचं पत्र वाचल्यावर दुसऱ्याच दिवशी अक्षदाचा फोन आला. तिने मुलीचा शाळेतून दाखला काढला. घरात सगळे विरोधात होते, नवऱ्याशी भांडून काढला. म्हणाली, ताई, सईचं ते उत्तर ऐकलं आणि माझा निश्चय झाला. मला तेव्हा बोलता आलं असतं. मी म्हटलं, अभिनंदन.

फोन ठेवला तेव्हा सई दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत निघून गेली.

तिची माफी मागितली. रडले नाही, तेवढं जमवलं. उन्मेष म्हणतो की चूक त्याचीही आहे, त्याने कधी विचारलंच नाही. मला पुस्तकं नको होती ती तिच्यासाठी की मला शिकवता येत नव्हतं म्हणून, हेही आता नक्की सांगता येत नाही. काय करू ते कळवा. रागावून लिहिलंत तरी चालेल, पण लिहा.

श्रद्धा


अंबरनाथ
२१ फेब्रुवारी २०२५

चि. श्रद्धास आशीर्वाद.

रागवायला बळ लागतं, ते मी परवा अंजनीकडे खर्च करून आले.

मुद्दाम दुपारी गेले, ती एकटी असेल म्हणून. तर तिथे भजनी मंडळातल्या चौघी बसलेल्या. परत फिरावंसं वाटलं. मग म्हटलं, खोटं चौघींत बोललीस ना, मग खरंही चौघींत बोल. सांगून टाकलं की सई शाळेत जात नाही, घरी शिकते, आणि मी त्या दिवशी थाप मारली. कुणीच चकित झालं नाही. अंजनीची नात मी सांगितलेल्या त्याच शाळेत सातवीत आहे! सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं. मला वाईट वाटू नये म्हणून गप्प होत्या. सईसमोर त्या दिवशी सगळ्या मिळून माना डोलावत होत्या, आणि पोरीने ते पाहिलं. अंजनीने वर मलाच चहा दिला.

बुधवारी आणि शनिवारी मी सईला गणित शिकवू का? हा प्रश्न तुला नाही, तिला आहे. तिचं उत्तर तिने कळवावं.

आणि अक्षदाकडे तू जा. फोन करू नकोस, जा.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आमचा जीव तुमच्यात आहे, एवढं ध्यानात असू दे.

आई


बदलापूर
१० मार्च २०२५

ती. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

सई बुधवारी घरी येते ती गाडीतच गणितं सोडवत येते. तुम्ही तिला चौथीच्या पुस्तकापासून सुरुवात करायला लावलीत त्याचा तिला जराही कमीपणा वाटत नाही. मला वाटला. मी पुस्तकाला ब्राउन कव्हर घालून दिलं, तिने ते काढून टाकलं.

अक्षदाकडे जाऊन आले. तीनदा ठरवून टाळलं, चौथ्यांदा सईने चपला आणून दारात ठेवल्या.

तिने प्रेमाने चहा केला. मुलगी आतल्या खोलीत मोठ्याने पाढे म्हणत होती. मी सगळं सांगितलं, ते उत्तर सईचं नव्हतं, माझं होतं. मग तिने एकच विचारलं, मी फोन केला तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं का? मी म्हटलं, हो. ती उठली, माझ्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि आत नेऊन ठेवला.

मुलीला परत घेतील का, ते दुसऱ्या दिवशी ती शाळेत विचारायला जाणार होती. नको म्हणाली तरी मी गेले. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या की आता वर्ष संपत आलं, जूनमध्ये या, तेव्हाही जागा असेल तर बघू. मी पुढे होऊन सांगायला लागले की यात हिची चूक नाही, मीच हिला भरीला पाडलं. अक्षदाने मला तिथेच थांबवलं. म्हणाली, मॅडम, निर्णय माझा होता, जे बोलायचं ते मी बोलेन. माझ्या वतीने ह्यांनी काही सांगू नये.

आई, मी पुन्हा तेच करत होते. माफी मागायला गेले आणि तिथेही दुसऱ्याचं तोंड बंद करून बोलले. बाहेर आल्यावर ती माझ्याकडे न बघता रिक्षात बसली. आता फोन उचलत नाही.

हे तुम्हाला लिहून मोकळं व्हावं असं वाटलं होतं. तसं काही झालेलं नाही. तरी तुम्ही आहात एवढा आधार आहे.

श्रद्धा


बदलापूर
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आईंना आणि बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

परीक्षा कशी झाली ते सईने फोनवर सांगितलंच आहे. बाबांनी तिला पेढे कबूल केलेत, निकालाआधीच. ते पत्रात लिहीन, असं तिने माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मुक्त शाळेची एकदम आठवीची परीक्षा देऊया असा माझा आग्रह होता, तुम्हाला आठवत असेल. वय त्याचंच आहे, लोक तेच विचारतील, असं मला वाटत होतं. तुम्ही म्हणालात, सईला विचार. ती म्हणाली की तिला पाचवीचं नीट येतं, तर ती पाचवीची देणार. आठवीचं आलं की आठवीची. एवढा सरळ अभ्यासक्रम मला इतक्या वर्षांत ठरवता आला नव्हता. जांभूळच्या फेऱ्या आणि चित्रं चालूच आहेत, शाळेचं अजून तिचं नक्की नाही. मीही विचारत नाही.

अक्षदाची मुलगी जूनपासून दुसऱ्या शाळेत जाते आणि पोट दुखायचं थांबलंय, असं कानावर आलं. तिने मला कळवलेलं नाही. कळवावं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

परीक्षेचं केंद्र उल्हासनगरला होतं. वर्गात सगळी दहा-अकरा वर्षांची पोरं. सई त्यांच्यात बसली तर तिचे गुडघे बाकाला अडत होते. एका पोराने तिला टीचर समजून पेन्सिलला टोक करून मागितलं, तिने करून दिलं. मी खिडकीबाहेर पालकांच्या घोळक्यात उभी होते आणि माझं मलाच वाईट वाटत होतं की मी जरा मागे सरकून उभी आहे, कुणी विचारू नये म्हणून. आई, इतकं सगळं होऊनही सरकले मी. ते लपवत नाही.

शेजारी एक सिंधी बाई होती, पर्समध्ये नारळपाणी, बिस्किटं, सगळा संसार. तिने विचारलंच, आपका छोटावाला कौन सा है? मी पुढे झाले, खिडकीचे गज धरले. म्हटलं, छोटा नहीं है, वो है, सबसे लंबी वाली. वो मेरी है. ती बाई एकदा सईकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मी आणखी काही सांगितलं नाही. आत सईने मान वर केली, मला पाहिलं आणि परत पेपरात घातली.

दिवाळीला येतोच. तोवर दोघांनी आमच्यावरचा जीव आहे तसाच राहू द्यावा, ही विनंती.

तुमची,
श्रद्धा