फुटलेला आवाज

अप्पा, तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्या वयाच्या दुप्पट माझं वय झालं आहे, म्हणून जरा धीट होऊन लिहितो. नाहीतर तुमच्यापुढं माझं तोंड कधी उघडलं? घरात तुम्ही अप्पा आणि उमरग्याच्या शाळेत ड्रिलमास्तर. दोन्हीकडं बोलायचं काम तुमचंच. निजामी अमलात शाळा उर्दूतून चालायची, गणितंसुद्धा आम्ही उर्दूतच चुकायचो. मैदानावर मात्र तुम्ही मराठीत ओरडायचा, आणि राग अनावर झाला की कानडीत. कानडी कानावर आली की पोरं आपोआप रांगेत उभी राहायची.

हुतूतूत मी तेव्हा शाळेचा हुकमी गडी होतो. अंगानं मूठभर, कुणाच्याही काखेखालून निसटायचो. शिवाय माझा दम लांब. समोरच्यांच्या हद्दीत शिरल्यापासून परत मधली रेघ गाठेपर्यंत एका श्वासात हुतूतू चालू पाहिजे, तो पंचाला ऐकू आला पाहिजे, थांबला की गडी बाद, एवढा साधा खेळ. गुलबर्ग्याला सुभ्याचे सामने व्हायचे होते आणि आपल्या शाळेचा संघ जायचा होता. त्यात मी असणार हे मी धरूनच चाललो होतो. उमरग्याच्या बाहेर मी तोवर लोहाऱ्याच्या मामाचं घर तेवढं पाहिलेलं. गुलबर्ग्यासाठी जीव नुसता टांगणीला लागला होता.

आणि नेमका त्याच वर्षी मी वाढायला लागलो. पाडव्याला शिवलेला पायजमा आखाडात नडगीवर आला. गुडघे ठणकायचे, आई करडीचं तेल चोळत बसायची. भूक तर अशी लागायची की माझी मलाच लाज वाटावी. ते ज्वारीच्या टंचाईचे दिवस. आई चुलीपुढं भाकरी थापते आहे, तुम्ही तुमची अर्धी भाकरी माझ्या ताटात सरकवता आणि "मला जड पडायलंय" म्हणता. आई तुमच्याकडं न बघता म्हणते, "लेकरू उफाड्याचं निघालं." तुम्ही म्हणता, "निघू दे की. पर मैदानात त्याचं काय करू, ते सांग." आईनं तव्यावरची भाकरी उलटली.

मैदानावर खरोखरच माझं काही धड राहिलं नव्हतं. पाय टाकायचा एकीकडं तर पडायचा दुसरीकडं. काखेखालून निसटणारा मी आता सरळ कवेत सापडायला लागलो. "तुझ्याआधी तुझे पायच सापडायलेत की रं," तुम्ही म्हणायचा. पहाटे मला एकट्याला पळवलंत, वाकून चढाई करायला लावलीत, उठाबशा काढून घेतल्यात. अख्ख्या शाळेला एका शब्दात सरळ उभं करणारा माणूस, माझ्या दोन पायांपुढं मात्र तुम्ही हात टेकलेत. एके सकाळी तुम्ही मातीतच बसलात आणि म्हणालात, "थांबावं लागंल बाबा. हे काय माझ्या हातात न्हाय." तुमच्या कानडीची मला भीती वाटायची, पण त्या मराठीची त्याहून जास्त वाटली. मी म्हणालो, "दम हाय की अजून." तुम्ही मान हलवलीत, ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही.

निवडीच्या दिवशी दोन तुकड्या केल्या होत्या आणि पंच तुम्हीच होता. मी चढाईला जातो. एकाला शिवतो, एक पाय धरायला येतो, मी त्याला ओढतच मागं सरकतो. रेघ हातभर लांब आहे आणि छातीत दम भरपूर आहे. तेवढ्यात आवाज फुटतो. जाड हुतू तोंडातून निघतो, मग काहीच नाही, मग एकदम बारीक, बायकी हुतू. तुमची शिट्टी वाजते.

"दम तुटला. बाहेर."

"अप्पा, दम न्हाय तुटला. आवाज फुटला."

"इथं अप्पा कोण न्हाय. बाहेर हो म्हटलं न्हवं?"

पोरं हसली. मी बाहेर झालो आणि संघातूनही गेलो. तुम्हाला माहीत नव्हतं असं नाही. त्याआधी कितीतरी दिवस घरात माझा आवाज असाच फुटत होता, तुम्हीच आईला हळद-दूध द्यायला सांगितलं होतं. पण मास्तरांनी स्वतःच्या पोराला झुकतं माप दिलं, असं गावभर झालं असतं. हे आज मला समजतं. तेव्हा एवढंच समजत होतं की माझं सगळं अंग माझ्यावर उलटलं आहे आणि त्यात तुम्ही त्याच्या बाजूनं शिट्टी वाजवली. संघ गुलबर्ग्याहून हरून आला, तेव्हा मला बरं वाटलं.

त्या हिवाळ्यात तुम्हाला मुदतीचा ताप आला. दवाखान्यातलं औषध चालू होतं, पण औषध देणाऱ्याच्याच चेहऱ्यावर आशा दिसत नव्हती. मी तोवर तुमच्याशी व्हय आणि न्हायच्या पुढं बोलत नव्हतो. एका दुपारी तुम्ही मला खाटेजवळ बोलावलंत. "हुतूतू घाल," म्हणालात. मला वाटलं तापात बरळताय. तुम्ही परत म्हणालात, "घाल की." मग उशाशी उभा राहून मी घातला. दोनदा आवाज फुटला, तरी छाती रिकामी होईपर्यंत मी तसाच रेटला. तुम्ही डोळे मिटून ऐकत होता. थांबलो तेव्हा म्हणालात, "न्हाय तुटला."

आत्ताचा की तेव्हाचा, हे विचारायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण आई पाण्याचा तांब्या घेऊन आत आली आणि माझ्या तोंडून नुसतं "व्हय" निघालं. मला वाटलं, बरे झालात की विचारू. ताप उतरायच्या आधीच तुम्ही गेलात.

ऊन तापायला लागलं तोवर माझा आवाज थाऱ्यावर आला. आपला आवाज आपल्याला कुठं नीट ऐकू येतो? एक दिवस बाहेरून आलो, उंबऱ्यात चपला काढल्या आणि आत बघून म्हणालो, "पाणी आण गं." आतून आई म्हणाली, "आणते की. बसा."

मला ती जन्मात कधी बसा म्हणाली नव्हती. डोक्यावरचा पदर सारखा करत ती तांब्या घेऊन लगबगीनं बाहेर आली, मला बघितलं आणि तशीच उभी राहिली. मी तिच्या हातातून तांब्या घेतला. बोलायचं म्हटलं तर तोंडातून तुम्हीच निघणार होता, ते कसं आवरायचं हे मला कळेना. पुढं ती असेपर्यंत घरात मी हलक्या आवाजातच बोललो. नातेवाइकांत मी मवाळ स्वभावाचा म्हणून ओळखला जातो.

आता तीही नाही. हे लिहिलं, पण पाठवायचं कुठं? कागद घडी करून कपाटात ठेवीन. लिहून झालेलं एकदा मोठ्यानं वाचून बघायची माझी सवय आहे, साधा अर्ज असला तरी वाचतो. हे मात्र वाचणार नाही, अप्पा. मला ऐकवणार नाही.