गाठ पॉलिसीच्या आधीची की नंतरची

प्रति,
मा. तालुका आरोग्य अधिकारी,
महागाव, जि. यवतमाळ.

अर्जदार: सौ. उर्वशी शाम राठोड, वय २६, शिक्षण बी.ए., रा. आंबातांडा, फुलसावंगीजवळ.

विषय: गर्भाशयातील गाठीसंबंधी शिबिरातील नोंदीची प्रत मिळणे व एका महिलेची तपासणी होणेबाबत.

संदर्भ: विमा कंपनीचे दावा नामंजुरीचे पत्र, दि. २१ नोव्हेंबर २०१७.

महोदय,

सविनय कळविते की, गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तांड्यावरील शिबिरात ममता सिस्टरनी माझे पोट तपासून म्हटले होते, "ताई, हाताले टणक लागून राह्यलं. पुसदले जाऊन सोनोग्राफी कर." माझी सोनू तेव्हा सहा महिन्यांची होती. मी हसून म्हटले, "बाळंतपणाचं पोट आहे, सिस्टर." आणि गेले नाही.

२. जानेवारीत आम्ही आरोग्य विमा घेतला. फॉर्मवर 'पूर्वीचा आजार' यासमोर 'नाही' ही खूण एजंटला मीच करायला सांगितली, कारण घरात वाचणारी मी. पाळी दहा-दहा दिवस राहायची, पण त्याला आमच्याकडे कोणी आजार म्हणत नाही. ऑगस्टमध्ये चक्कर येऊन पडले, तेव्हा सोनोग्राफीत सहा सेंटिमीटरची गाठ निघाली. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "ही कॅन्सरची नाही. पुष्कळ बायांना असते, कित्येकींना कळतही नाही. पण तुझं रक्त वाहून चाललंय." ऑपरेशन झाले. मी वाचले.

३. कंपनीचे म्हणणे असे की, एवढी गाठ सात महिन्यांत होत नाही, सबब ती पॉलिसीपूर्वीची, सबब मी माहिती दडवली. शिवाय अशा गाठींना पहिली दोन वर्षे संरक्षणच नाही, हे पुस्तिकेत बारीक अक्षरांत आहे. तरी आपणच सांगावे: आजार कधी सुरू होतो, गाठ वाढू लागते तेव्हा, बाईला कळतो तेव्हा, की कागदावर येतो तेव्हा? गाठ माझ्या पोटात राहून मलाच सांगत नव्हती. मग दडवले कोणी?

४. याचे उत्तर मी माझ्याच बुद्धीने काढले, तो गुन्हा येथे कबूल करते. माझ्या मोठ्या जाऊबाई धनीबाई हरिसिंग राठोड, वय ३८, यांनाही तोच त्रास आहे. सिस्टरनी त्यांना सोनोग्राफीची चिठ्ठी दिली होती. कंपनीचे पत्र आले त्या दिवशी मी ती चिठ्ठी त्यांच्या हातातून घेऊन चुलीत टाकली. म्हटले, "आत्ता जाऊ नका. आधी पॉलिसी काढू, दोन वर्षं कळ काढा, मग तपासा. एकदा कागद झाला की संपलं."

५. यंदा बोंडअळीने कापूस गेला, घरच्यांचे जिनिंगचे काम बंद आहे. पॉलिसी निघालीच नाही. जाऊबाईंचे थांबणे मात्र सुरू आहे.

६. मी रोज त्यांच्याकडे पाहते. नखे पांढरी पडली आहेत. उरलासुरला कापूस वेचताना दर तासाला बसतात. कच्चे तांदूळ चघळतात. परवा पाण्याची घागर खाली ठेवून भिंत धरून उभ्या राहिल्या. मी पाया पडून म्हटले, "मी चुकीचं सांगितलं, चला पुसदला." तर म्हणाल्या, "तू शिकलेली ना? मंग बराबरच सांगतलं असशील. म्या कागद नाही होऊ देल्ला." माझे शब्द मलाच परत देतात. आता मला पाहिले की पदर ओढून हात झाकतात.

७. शिबिरात माझ्याविषयी काय लिहिले गेले हे पाहण्यासाठी मागितलेली नोंदीची प्रत नंतर दिली तरी चालेल, न दिली तरी तक्रार नाही. परंतु ममता सिस्टरना तांड्यावर पाठवावे. लेकरांचे वजन करायला आल्या असे सांगावे, म्हणजे जाऊबाई दार लावणार नाहीत. मी पाठवले हे कळू देऊ नये. त्यांच्या समोर वही उघडू नये, पेन काढू नये. आधी त्यांचे हात हातात घ्यावेत.

आपण पाठवाल त्या माणसाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली अर्जदार,

उर्वशी शाम राठोड
आंबातांडा, दि. १८ डिसेंबर २०१७

सोबत:
१) विमा कंपनीच्या पत्राची प्रत.
२) माझा सोनोग्राफी रिपोर्ट.
३) धनीबाईंचा एकही कागद नाही. कृपया त्यांनाच पाहून यावे. घर मारुतीच्या पारामागे, दाराला निळा रंग आहे.