निर्मलाच्या नावावरची हजेरी

८ जाने., सोमवार
राईस मिलमध्ये हमालांचे रेट वाढले. दिवाळीपासून त्यांची युनियन मागे लागली होती, मालकाले मानावंच लागलं. त्याच फाटकातून आम्ही रेजा, मजूर बाया, आत जातो, उकडलेलं धान दिवसभर उन्हात पायानं परततो. आमची मजुरी तीन वर्षं झाली, जिथल्या तिथं. हमालांच्या पुढाऱ्याले, सुखरामभाऊले, विचारलं, आमचं काऊन नाई वाढत?
"तुमचं मागते कोण?"
लागलं मले. पण खरं बोलला.

९ जाने.
जावेकडे गेली. निर्मलाबाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळून राहिली होती. आधी तीही मिलमध्येच होती. विडीत आली तेव्हा तिच्या हाती माझ्यापेक्षा कमी पैसे पडत. आता जास्त पडते. युनियनचं कार्ड आहे ना.
"म्हणजे विडीचं काम बरं?"
"कायचं बरं! पाठ मोडते. पण एकटी बोलली तर पत्ता-तंबाखू देणारा सट्टेदार हाकलते, साऱ्याजणी गेलो तर बसायले सतरंजी टाकते."
ठरलं. आमचीही युनियन काढायची.

१२ जाने.
सुखरामभाऊनं फॉर्म आणून दिले. जेवणाच्या सुट्टीत बोरीखाली बसून भरले. फुलाबाई म्हणे, घरी विचारून सांगीन. म्हटलं, भाकर खायले विचारून येतेस का? हसली आणि अंगठा दिला बयेनं. एकोणीस झाल्या!
घरी हे चिडले. "तुले पुढारीपणा कायले पाहिजे? काढून टाकतील."
टाकू द्या म्हटलं.

१५ जाने., सोम.
मुनीमजीनं ऑफिसात बोलावलं. सुखरामभाऊनं सकाळी ऑफिसात दिलेला माझा फॉर्म त्याच्या हातात, समोर हजेरीचं मस्टर.
"शकुन? ये कौन है? हमारे मस्टर पे तो है ही नहीं."
खरंच नाई! सात वर्षांपूर्वी निर्मलाबाईले टायफॉइड झाला, तिच्या बदली पंधरा दिवस मी गेली. हजेरीत "निर्मला" म्हटलं की मी ओ द्यायची. ती परत आलीच नाई, मी राहिली, नाव तिचंच राहिलं. मुनीमजीले सारं ठाऊक. कोणाचंच अडत नव्हतं, म्हणून कोणी बदललं नाई. मीही नाई. माझीच अक्कल शेण खायले गेली होती.
"निर्मला बनके चुपचाप काम कर. नहीं तो गेट के बाहर. बाहरवाली की युनियन यहाँ नहीं चलेगी."
म्हणजे सात वर्षं मी तिथं नव्हतीच? पाय कोणाचे भाजले मग?

१६ जाने.
संध्याकाळी निर्मलाबाईले सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.
"माझ्या नावानं तुले राबवलं, आता माझ्याच नावानं तोंड बांधते काय? उद्या मी येईन फाटकावर. निर्मला कोण ते पाहू दे त्याले."
"दोन ठिकाणी नाव निघालं म्हणून विडीचं कार्ड गेलं तर?"
"मग युनियन कायले आहे?"
रडू आलं मले. तिनं चहा टाकला.
त्याआधी दुपारी मिलमध्ये आम्ही साऱ्याजणी बोरीखाली जमलो होतो. शकुनले बाहेर काढलं तर कोणीच आत जायचं नाई, असं ठरलं. फुलाबाईच मोठ्यानं बोलली. आज हौदात धान भिजत घातलं आहे, उद्या उकडून निघंल. पसरलं नाई तर आंबते. मालक किती दम धरते ते दिसंल.

१७ जाने., बुध., सकाळ
डबा बांधला. यांनी माझ्या सायकलीत हवा भरून ठेवली.
निर्मलाबाई आली, अंगणात उभी आहे. इस्त्रीची साडी नेसून आली, लग्नाले निघाल्यावानी.
आठले मुनीमजी मस्टर उघडंल. पहिलंच नाव निर्मला. सात वर्षं त्याले ओ दिली.
आज नाई देणार.