बांधावरचा करार

प्रिय कैलासदादा,

दीड वर्षात तुला पहिल्यांदाच लिहितेय. जेलच्या भेटीला येते तेव्हा वीस मिनिटं आईच बोलते आणि मी तिची पिशवी धरून उभी राहते, म्हणून आधी घरचं सांगते. आईचे गुडघे फार दुखतात, बदलापूर गावात बाजाराला जाणं तिने सोडलंय. शेवगा यंदा शेंगांनी वाकला, पण काढायला कुणी नव्हतं. समोर विक्रांतचे आईबाप, बबनकाका आणि सरस्वतीकाकू, ओटीवर आपल्या घराकडे पाठ करून बसतात. बांधाच्या दोन्ही बाजूंना जमीन पडीक आहे. ज्या दोन फुटांसाठी तू आणि विक्रांत एकमेकांच्या जिवावर उठलात, तिथे आता कमरेएवढं गवत वाढलंय आणि ते कापायलासुद्धा कुणी जात नाही.

माझं एम.ए. चालू आहे. उल्हासनगरचं तेच कॉलेज, तोच मागचा बाक. तू मला युनोवाली म्हणायचास, आठवतं? आंतरराष्ट्रीय संबंध शिकून आपल्या जांभूळ गावात काय दिवे लावणार, असं विचारायचास आणि मी चिडले की माझ्याच ताटातला पापड उचलायचास. ते दिवे मी लावले, दादा. म्हणूनच लिहितेय.

रस्ता रुंद व्हायचं ठरलं, बिल्डरची माणसं दोन्ही घरी जमिनीचा भाव सांगून, चहा पिऊन गेली आणि तुम्ही दोघं एकमेकांचा बांध कोरायला लागलात. तू विक्रांतचा पंप फोडलास, त्याने तुझं डोकं. आठ टाके पडले तुला. त्याच आठवड्यात सुरुची मॅडम वर्गात शिकवत होत्या, की दोन वैरी राष्ट्रं एकमेकांवर कधीच भरवसा ठेवत नाहीत, ती तिसऱ्यावर ठेवतात. तो हमीदार. त्याची पत असेल तोवर करार टिकतो. मला ते इतकं पटलं की त्याच संध्याकाळी वहीच्या पानावर तुमचा करार लिहून काढला. मोजणी होईपर्यंत बांधाला कुणी कुदळ लावायची नाही, दोन्हीकडची एकेक फूट जागा मोकळी सोडायची, आणि रविवारी सकाळी सातला दोघांनी एकट्याने, रिकाम्या हाताने बांधावर येऊन सह्या करायच्या. तू हसून हो म्हणालास. इतक्या सहज हो म्हणालास तेव्हाच मला कळायला हवं होतं. विक्रांतने मात्र ते पान दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं, की कैलास खरंच एकटा येईल ना. मी म्हटलं, माझी हमी. काकू त्याला जाऊ नको म्हणत होत्या. तो त्यांना म्हणाला, "भावना बोलतेय ना, मग बस."

थंडी होती. हमीदार म्हणून मीही बांधावर उभी होते. तू घोंगडी पांघरून आलास आणि मला बरं वाटलं, कारण आदल्या रात्री तुला कणकण होती. विक्रांत पलीकडून दोन्ही हात वर करून, तळवे दाखवत, हसत आला. घोंगडीखालून काढलेल्या कोयत्याचा तुझा पहिला घाव त्या वर केलेल्या हातावरच बसला. दोन बोटं भाताच्या खुंटांत पडली. तो त्या हाताकडे बघत राहिला. दुसरा घाव खांद्यात, शहाळं तासताना होतो तसा आवाज झाला. मग तो धावला. घर त्याच्या मागे होतं, तरी तो माझ्याकडे धावला. त्याने माझी ओढणी धरली. मी ती सोडवून घेतली, दादा, आणि दोन पावलं मागे सरकले. तिसरा घाव तू त्याच्या मानेवर मागून घातलास तेव्हा मधे कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर न येताच तो गेला. ज्याला लहानपणापासून राखी बांधत आले, त्याचं रक्त माझ्या चपलांत वाळलं होतं.

पोलीस यायच्या आधी आई म्हणाली, कोयता विक्रांतचा होता म्हणून सांगायचं, त्यानेच आधी उगारला आणि तू हिसकावलास. पण त्या कोयत्याच्या मुठीवर आईच्या जुन्या निळ्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती, तुझा हात सोलू नये म्हणून तिनेच बांधलेली. ती मी सोडून घेतली आणि आई म्हणाली तसा जबाब दिला. त्या जबाबावरच तुझ्या वकिलांनी सगळी केस उभी केलीय, कारण बांधावर चौथं माणूस नव्हतं. चिंधी तुलनात्मक राजकारणाच्या पुस्तकात आहे. त्या पुस्तकात एक रीत सांगितलीय, की दोन अगदी सारखी उदाहरणं घ्यायची आणि एकाचं असं अन् दुसऱ्याचं तसं का झालं ते शोधायचं. तुम्हा दोघांचा आजा एक, विहीर एक, शाळा एक, राग तर एकाच मापाचा. मी खूप शोधलं. फरक एवढाच निघतो की त्याने माझं ऐकलं. तुझा मला राग येतो, आणि माझा त्याहून जास्त येतो.

उद्या कल्याणच्या कोर्टात माझी साक्ष आहे. वकिलांनी उत्तरं पाच वेळा घोकून घेतलीत. मी ती देणार नाही. जे घडलं ते सांगेन आणि चिंधी जजसाहेबांपुढे ठेवेन. पुरावा लपवला म्हणून मलाही धरतील, धरू देत. आईला बोललेले नाही. ती आत तुझ्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या थापतेय, उद्या परवानगी मिळाली तर देऊ म्हणून. तुला गाडीतून उतरवतील तेव्हा शिपायाच्या हातापाया पडून हे पत्र तुझ्याकडे पोचवीन, म्हणजे मी पिंजऱ्यात उभी राहायच्या आधी तुला सगळं ठाऊक असेल. बेसावध माणसावर घाव घालायचा नाही, एवढं मला पाळायचंय. वाचून झालं की वाटेल तसा बघ माझ्याकडे. उद्या मी मागे सरकणार नाही.

तुझीच बहीण, आणि त्याचीही,
भावना