पाचचा भोंगा

प्रिय आईस, तुझ्या लेकीचा आणि तिच्या भोंग्याचा नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. भोंगा रोज संध्याकाळी पाचला सुरू होतो तो आठपर्यंत. पोटात गॅस होतो, बाकी बाळ ठणठणीत आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तू सांगितलंस तसं हातावर पालथा घेऊन पाठ थोपटते, मग जरा निवतो.

काल खालच्या आजींनी दार वाजवलं. म्हटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी हात पुढे करून त्याला घेतलं. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, तर रिकाम्या हातांनीसुद्धा डुलतच होते.

हे नऊला येतात. बाबांचा गुडघा कसा आहे?

मीही अशीच रडकी होते म्हणतेस. तेव्हा बाबा तर कायम फिरतीवर. मग आई, तुला कोण जवळ घ्यायचं?

तुझाच,
पहिला भोंगा